हात कुणाचं ऐकतो?



आकाशवाणीच्या मंडळींनी विषय विचारला तेव्हा मी 'मेंदू आणि हाताची हालचाल' असं सांगितलं. फोनवर पलीकडे थोडी शांतता पसरली. कवीने पावसावर बोलावं, आणि तो मुसलमान असेल तर फार तर मराठी-उर्दूच्या नात्यावर बोलावं, अशी साधारण अपेक्षा असते. त्यात मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, शास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर तुटला. पण या विषयाकडे मला ओढून नेलं ते माझ्या अब्बांनी. आम्ही मिरजेचे, तंबोरे बनवणाऱ्यांपैकी. अब्बांना २००६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, कंपवात झाला, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सन्स म्हणतात तो आजार. २०१७ साली ते गेले. मधली अकरा वर्षं आमच्या घरात हात, बोटं, पाय आणि उंबरठा एवढ्यावरच बोलणं चाले. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि पुढे फिजिओथेरपी शिकलेल्या मुलीला छळून मी जे गोळा केलं, त्यातलं थोडं आज सांगतो.

शाळेच्या पुस्तकात हालचालींचे दोन प्रकार असत, ऐच्छिक आणि अनैच्छिक. हृदयाचं धडधडणं अनैच्छिक, चहाचा कप उचलणं ऐच्छिक. इच्छा झाली की हात उठतो, असा त्याचा अर्थ आम्ही घेतला होता. इच्छा आणि हात यांच्यामध्ये केवढा मोठा कारखाना चालतो, याचा पत्ता तो चालू असेपर्यंत लागत नाही.

हा कारखाना मेंदूत नेमका कुठे आहे, हे समजायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे डॉक्टर होते. फेफऱ्याचे रुग्ण ते तासन् तास बघत बसत. त्यांच्या लक्षात आलं की काही जणांचा झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मग हात, मग चेहरा, असा गावोगाव मुक्काम करत जाणाऱ्या दिंडीसारखा पुढे सरकतो. म्हणजे मेंदूतही या अवयवांची घरं शेजारी शेजारी असणार, असा तर्क त्यांनी बांधला. मेंदू न उघडता, नुसत्या नजरेने काढलेलं हे अनुमान मला फार मोठं वाटतं. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा हलका स्पर्श केला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. हे प्रयोग त्यांनी हिट्झिगच्या घरीच केले. घरच्या बाईचं काय म्हणणं होतं, ते इतिहासाने नोंदवलेलं नाही.

त्यानंतर मॉन्ट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. त्यामुळे रुग्ण जागा ठेवून, फक्त कवटीपुरती भूल देऊन, ते शस्त्रक्रिया करत आणि कुठे विजेचा स्पर्श केला की काय हलतं, याचा नकाशा काढत. १९३७ साली त्यांनी आणि बोल्ड्री यांनी तो प्रसिद्ध केला. साधारण एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून गजरा माळावा, तशी या भागाची पट्टी आहे. तिच्यात सगळं शरीर आडवं पडलेलं आहे, पण प्रमाणात नाही. पाठ आणि पोट यांना टीचभर जागा, तर अंगठा, बोटं, ओठ आणि जीभ यांना चौसोपी वाडे. ज्या अवयवाला बारीक काम, त्याला जागा मोठी. २०२३ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या शास्त्रज्ञांनी या नकाशात दुरुस्ती सुचवली. पाय, हात आणि तोंड यांच्या जागांच्या अधेमधे असे पट्टे आहेत, जे एकेक अवयव हलवत नाहीत. सगळ्या शरीराला कामासाठी तयार करणं, बेत आणि हालचाल यांची गाठ घालणं, असं काहीतरी त्यांचं काम असावं.

पेनफिल्ड यांच्या टेबलावरची एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. विजेच्या स्पर्शाने हात उठला की रुग्ण त्यांना सांगत, हे मी केलेलं नाही, डॉक्टर, तुम्ही केलंत. हात त्यांचाच, मेंदू त्यांचाच, तरीही आपलं आणि परक्याचं त्यांना बरोबर कळत होतं.

मेंदूतून निघालेला हुकूम हातापर्यंत कसा जातो? या पट्टीतून आणि तिच्या आसपासच्या भागांतून निघालेले प्रत्येक बाजूचे सुमारे दहा लाख तंतू खाली उतरतात. मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथे त्यांतले जवळजवळ नऊ दशांश तंतू बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली की उजवं अंग लुळं पडतं. मज्जारज्जूत दुसरी पेशी हुकूम घेते आणि तिचा तंतू थेट स्नायूत शिरतो. माणसात आणि माकडांत बोटांसाठी अशी दोनच पेशींची साखळी असते, मांजराला तेवढी जवळची वाट नाही. डोक्यातून निघालेला निरोप हाताला पोचायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो.

आणि बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच! आता तुमची उजवी मूठ उघडमीट करा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरून बघा. हलतंय ते तिथे. स्नायू वर कोपराशी, आणि तिथून दोऱ्यांसारखे कंडरे मनगटाच्या बोगद्यातून बोटांपर्यंत गेलेले. हे ऐकून अब्बा खूश झाले होते. खुंटी एका टोकाला, आवाज दुसऱ्या टोकाला, हा आपलाच कारभार आहे, असं ते म्हणाले.

आता अब्बांच्या हाताकडे येतो. पहिलं वर्ष उजवा खांदा आखडलाय म्हणून शेक देण्यात गेलं. नंतर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागली, गोळी वळावी तशी. गंमत अशी की हात मांडीवर स्वस्थ असला की थरथरे. कानस हातात घेतली की थांबे. तंबोऱ्याची जवारी काढणं हे आमच्या धंद्यातलं सर्वात नाजूक काम. घोडीच्या माथ्यावर तार किती टेकावी आणि कुठे सुटावी, हे केसाएवढ्या फरकाने ठरतं. कानस एकदा जास्त फिरली की घोडी वाया. असं काम करताना हात स्थिर, आणि दुकानाच्या फळीवर रिकामं बसलं की थरथर. गल्लीतल्या लोकांना हे ढोंग वाटे. तसं एक-दोघे बोललेही. अब्बांनी त्यांना उत्तर दिलं नाही. मला म्हणाले, "खाली बैठा तो हात मेरी नै सुनता."

पण या आजाराची ओळखच ती आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात विश्रांतीच्या वेळची ही थरथर नोंदवलेली आहे.

मेंदूच्या अगदी आत पेशींचे काही पुंजके आहेत, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. मला ते टांगेवाल्यासारखे वाटतात. सगळे लगाम हे पुंजके सतत खेचून धरतात. एखादी हालचाल करायची ठरली की तेवढाच लगाम सैल होतो, बाकीचे तसेच आवळलेले राहतात. म्हणून आपण पाण्याचा पेला उचलतो तेव्हा दुसरा हात, मान आणि पाय आपापल्या जागी गप्प राहतात. हा लगाम सैल व्हायला डोपामिन नावाचं द्रव्य लागतं आणि ते पुरवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, एका काळपट पट्ट्यात असतात. कंपवातात त्या मरत जातात. लक्षणं दिसू लागतात तोवर अर्ध्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, संपलेल्या असतात. तक्रार न करता उरलेल्या पेशी किती काळ ओझं वाहतात, बघा. वास जाणं हे या आजाराचं फार आधीचं लक्षण असू शकतं. अब्बांना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा वास थरथरीच्या चार-पाच वर्षं आधीच येईनासा झाला होता. आम्ही म्हणायचो, जन्मभर पॉलिश करून नाक मेलं.

डोपामिनची ही गोष्ट उलगडण्यात आपल्याकडच्या एका झाडाचा हात आहे. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेतून निघालेलं. ससे दगडासारखे निश्चल झाले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं, आणि ससे थोड्याच वेळात हिंडू लागले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकिविझ यांनी कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिनचा खडखडाट दाखवला आणि १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी एल-डोपा पोटातून, वाढत्या मात्रेने देऊन माणसं चालती केली. आणखी एक गोष्ट अशी की आपल्या कुंपणावरच्या खाजकुयलीच्या बियांत हेच एल-डोपा असतं. ते १९३७ साली भारतीय संशोधकांनीच दाखवलं होतं. हे ऐकून कुणी कुंपणाकडे धावू नये. मात्रा चुकली तर जिवावर बेतेल, आणि घ्यायच्या त्या गोळ्या डॉक्टरांनी ठरवलेल्याच घ्याव्यात.

गोळीचंही वेळापत्रक असतं. ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते, कारण डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिनं आणि ती गोळी एकाच दारातून आत जायला धक्काबुक्की करतात. अब्बांचे रोजे त्यामुळे सुटले. त्याचं त्यांना वाईट वाटे, पण मौलवीसाहेबांनी स्वतः घरी येऊन त्यांची समजूत घातली.

थरथर दुसऱ्या प्रकारचीही असते. स्वस्थ असताना हात ठीक, आणि पेला उचलायला गेला की डुगडुगतो, जवळ जाईल तसा जास्तच. ही सहसा लहान मेंदूची तक्रार. मानेच्या वर, मागच्या बाजूला हा बसतो. वजनाने सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा, पण ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली मोजणी केली तेव्हा माणसाच्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज इथेच निघाल्या. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी लहान मेंदूला गोळी लागलेले सैनिक तपासले. एका रुग्णाने त्यांना सांगितलं की एक हात आपोआप चालतो, पण दुसऱ्याची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. लहान मेंदू अंदाज बांधतो. हात उठायच्या आतच उठल्यावर काय जाणवेल, याचा हिशेब तो मांडून ठेवतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या याच हिशेबामुळे, असं १९९८ सालच्या लंडनमधल्या प्रयोगात दिसलं. उस्तादाच्या हाताला पुढचा सूर आधीच ठाऊक असतो असं आपण म्हणतो, ते बहुधा शब्दशः खरं आहे.

पण नुसता हुकूम पुरत नाही, उलट टपालही यावं लागतं. इंग्लंडमधले इयन वॉटरमन यांना १९७१ साली, वयाच्या १९व्या वर्षी, एका तापानंतर मानेखालच्या शरीराची जाणीव उरली नाही. स्नायू शाबूत, हुकूमही जातो, पण हात कुठे आहे ते डोळे मिटले की कळत नाही. त्यांनी एकेक हालचाल डोळ्यांनी पाहून, मनात ठरवून पुन्हा शिकली. चालायला लागले. मात्र खोलीतला दिवा गेला की ते कोसळत.

डोळ्यांची ही मदत आम्हीही पाहिली. २०१० नंतर अब्बांचे पाय अडू लागले. घराच्या उंबरठ्यापाशी आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे. वरचं अंग पुढे, पाय मागे, आणि मागून आई "चलो ना" म्हणतेय. तेच अब्बा मशिदीत मात्र सरळ चालत. तिथल्या सतरंजीवर नमाजाच्या रांगांसाठी रेघा आहेत, त्या ते एकेक करून ओलांडत जात. आईला वाटे ही खुदाची मेहरबानी. मी तिला नाही म्हटलं नाही. मुलीने सांगितलं की आपणहून सुरू केलेल्या हालचालीचा रस्ता मेंदूत निराळा आणि समोरची खूण बघून केलेल्या हालचालीचा निराळा. कंपवातात पहिला रस्ता जास्त खचतो. दुसरा बराच शाबूत राहतो. मग आम्ही ओटीपासून मोरीपर्यंत एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. अडलेली पावलं पुष्कळ कमी झाली. लयीचाही असाच आधार होतो. भाऊ मागे उभा राहून "एक, दोन" म्हणे आणि अब्बा चालत. कधी कधी तो ठेका चुकवे, तेव्हा अब्बा चालायचे थांबून त्याला रागवत.

उंबरठ्याशी अडलेल्या माणसाची इच्छा तर जागीच होती. मग ही इच्छा म्हणजे मेंदूतलं नेमकं काय? १९६५ साली जर्मनीत कॉर्नह्यूबर आणि डीके यांना दिसलं की आपणहून बोट हलवण्याआधी मेंदूत एक विद्युतलहर हळूहळू चढू लागते. १९८३ साली बेंजामिन लिबेट यांनी माणसांना घड्याळाकडे बघत, वाटेल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं आणि हलवावंसं कधी वाटलं, ती वेळ विचारली. लहर हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली, आणि 'वाटलं' ती वेळ मात्र एक पंचमांश सेकंद आधीची. म्हणजे मेंदूने आधी ठरवलं आणि आपल्याला मागाहून कळवलं? बरीच वर्षं लोकांनी तसाच अर्थ लावला. २०१२ साली शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती लहर निर्णयाची असेलच असं नाही. मेंदूत सतत चाललेल्या चढउतारांतला एखादा चढ उंबरठा ओलांडतो, आणि मागे वळून पाहिलं तर तो चढ लहरीसारखा दिसतो. मला व्यक्तिशः या वादात फार रस नाही. घड्याळापुढे बसून विनाकारण मनगट हलवणाऱ्या माणसाची इच्छा आणि पाय उचलायला धडपडणाऱ्या म्हाताऱ्याची इच्छा एकाच तराजूत घालता येतील, असं वाटत नाही.

याच आजारात अक्षरही लहान होत जातं. पहिलं अक्षर बरं, पुढची मुंग्यांसारखी. अब्बांची सही अशी आक्रसत गेली आणि एक दिवस एका बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. आम्ही गेलो. समोरचा अधिकारी वाईट नव्हता, तरुण होता. शाईचं पॅड पुढे सरकवून म्हणाला, "चाचा, अंगठा द्या, सोपं पडेल." अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस तेच. ते म्हणाले, "अंगूठा मेरे बाप का था." आणि उठले. उठायला त्यांना दोन मिनिटं लागली, तोवर सगळी बँक आमच्याकडे बघत होती.

घरी मुलीने दुरेघी वही आणली, पहिलीतल्या पोरांची. दोन रेघांमध्ये लिहायचं ठरलं की कंपवाताच्या माणसाचं अक्षर मोठं राहू शकतं, हाही त्या दुसऱ्या रस्त्याचाच फायदा. सव्वा महिना अब्बा रोज सकाळी एक पान सही गिरवत होते. मग गोळी घेतल्यानंतरचा चांगला तास साधून आम्ही पुन्हा बँकेत गेलो, नवीन नमुना सहीचा अर्ज भरला. चौकटीत मुलीने पेन्सिलीने दोन फिकट रेघा ओढून दिल्या. सही त्या रेघांना टेकली. त्या तरुण अधिकाऱ्याने खोडरबर स्वतः दिलं. ती सही पुढे चार वर्षं चालली. शेवटच्या वर्षी अंगठाच द्यावा लागला, त्याबद्दल मी बोलत नाही.

२०२१ साली, अब्बा गेल्यानंतर चार वर्षांनी, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगाची बातमी वाचली. ६५ वर्षांचा एक माणूस, २००७ साली मज्जारज्जूला इजा होऊन मानेखाली लुळा. त्याच्या मेंदूत, हाताच्या पट्टीवर, सुयांच्या दोन बारीक जाळ्या बसवल्या. त्याला सांगितलं, हातात पेन आहे असं समजून कागदावर लिहायचा प्रयत्न कर. हात हलत नव्हता. पण मेंदूतल्या पेशी एकेका अक्षरासाठी वेगवेगळ्या वळणाने चमकत होत्या, आणि संगणकाने त्यावरून अक्षरं ओळखली. मिनिटाला सुमारे ९०. इतक्या वर्षांत ज्या हाताने एक रेघ ओढली नाही, त्याचं वळण डोक्यात जसंच्या तसं होतं.

प्रयोग इंग्रजी अक्षरांचा होता. ज्या अक्षरांची वळणं एकमेकांसारखी, ती संगणकाला ओळखायला जड गेली. आपल्याकडे घ आणि ध, भ आणि म यांचं काय होईल, असं मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, त्यांना शिरोरेघेवरूनच ओळखावं लागेल. अब्बांच्या सहीत शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एकाच दमात, डावीकडून उजवीकडे येई, तंबोऱ्याच्या तारेवरून बोट फिरवावं तशी. ती वही अजून कपाटात आहे. बत्तिसाव्या पानापासून रेघ सरळ आली आहे.